मदत ओसरते, प्रश्न उरतात. अभ्यास मात्र अर्ध्यावरच

भूकंप, महापूर किंवा वायुगळतीनंतर मदतीचा ओघ सुरू होतो आणि काही आठवड्यांत आटतोही. आपत्तीने माणसांच्या आरोग्याचे नेमके काय केले, याचा शोध घेणारी यंत्रणा एक तर वेळेवर हजर नसते, किंवा उभी राहिली तरी टिकत नाही. त्याची किंमत आपद्ग्रस्तांना उपचारांत मोजावी लागते आणि न्यायालयातही.

- विशेष प्रतिनिधी

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत मिसळले. पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयाचे आवार डोळ्यांची आग आणि छातीत कोंडलेला श्वास घेऊन आलेल्या हजारो माणसांनी भरून गेले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न होता तो हा की, विष कोणते आणि त्यावर उतारा कोणता? या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेही नव्हते. ज्या रसायनाच्या टाक्या दाट लोकवस्तीला लागून उभ्या होत्या, त्याच्या मानवी शरीरावरील परिणामांविषयी प्रसिद्ध झालेले संशोधन जगभरातच अत्यंत तोकडे होते.

या घटनेला चार दशके उलटून गेली. मृतांची अधिकृत संख्या २,२५९ वरून पुढे ५,२९५ पर्यंत गेली. संघटनांच्या मते ती त्याहून कितीतरी अधिक आहे. भरपाई, फौजदारी खटला आणि कारखान्याच्या आवारातील विषारी कचरा या विषयांवर भरपूर लिहिले गेले. मात्र भोपाळचा एक धडा तुलनेने दुर्लक्षित राहिला. आपत्तीनंतर तिच्या आरोग्यविषयक परिणामांचा अभ्यास करण्याची क्षमता ही चैन नसून मदतकार्याचाच एक भाग आहे, आणि ती ऐनवेळी उभी करता येत नाही, हा तो धडा होय.

उभी राहिली आणि विरली

भोपाळमध्ये संशोधन झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९८५ पासून तेथे २४ संशोधन प्रकल्प हाती घेतले. शहरातील ५६ पैकी ३६ प्रभाग वायुबाधित ठरले होते. पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणावरून वस्त्यांची तीव्र, मध्यम व सौम्य बाधित अशी विभागणी करण्यात आली. त्यातून सुमारे ८० हजार बाधितांचा एक अभ्यासगट आणि अबाधित भागातील सुमारे १६ हजार लोकांचा तुलनागट निश्चित झाला. या माणसांच्या श्वसनाचे, डोळ्यांचे, गरोदरपणाचे आणि मृत्यूंचे तपशील वर्षानुवर्षे टिपत राहायचे, अशी ही योजना होती. ज्या देशात जन्ममृत्यूची नोंदही धड होत नसे, तेथे हा प्रयत्न निःसंशय मोठा होता.

अडचणीही तितक्याच मोठ्या होत्या. बाधितांना सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, यावरून शहरातील वैद्यकीय वर्तुळात उभी फूट पडली. शवविच्छेदनात दिसलेल्या रक्ताच्या रंगावरून न्यायवैद्यक तज्ज्ञांनी सायनाइडसदृश विषबाधेचा संशय व्यक्त केला होता. आयसीएमआरच्या नियंत्रित चाचणीत या औषधाचा उपयोग दिसला, तसे मार्गदर्शनही परिषदेने केले. तरीही ते सर्व बाधितांपर्यंत पोहोचले नाही. वायूत नेमके कोणते घटक होते, हा प्रश्न वैद्यकीय असतानाच कायदेशीर झाला होता आणि कायदेशीर प्रश्नाच्या दडपणाखाली वैद्यकीय उत्तर मागे पडले.

पुढे बाधित कुटुंबे वस्त्या सोडून गेली, पत्ते बदलले, गटातील माणसांची गळती होत राहिली. १९९४ मध्ये आयसीएमआरने हा दीर्घकालीन अभ्यास थांबवला आणि काम राज्य सरकारच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे गेले. दहा वर्षांच्या लोकसंख्याधारित पाहणीचा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडले. राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था भोपाळमध्ये स्थापन झाली ती २०१० मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर सव्वीस वर्षांनी. मधल्या काळात गळतीच्या वेळी आईच्या पोटात असलेली पिढी स्वतः आईबाप झाली होती.

नोंदीचा प्रश्न किती जिवावरचा असतो, हे न्यायालयाच्या आदेशांवरूनही दिसते. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकीकृत कराव्यात, प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका द्यावी, असे निर्देश दिले. आजारी माणसाच्या हातात त्याच्या आजाराचा कागद असावा, एवढी साधी गोष्ट मिळवण्यासाठी अठ्ठावीस वर्षे आणि देशातील सर्वोच्च न्यायपीठ लागले. भरपाईच्या वर्गवारीत बहुसंख्यांची गणना ‘तात्पुरती इजा’ या सदरात झाली. आपला आजार तात्पुरता नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पीडितांवर होती. आणि ते सिद्ध करू शकणारा सलग अभ्यास त्यांच्या हाती नव्हता. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने दाखल केलेली फेरविचारानंतरची अखेरची याचिकाही १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. गळतीच्या वेळी भोपाळ परिसरात मातेच्या उदरात असलेल्या पुरुषांमध्ये, प्रौढपणी कामधंद्यात अडथळा आणणाऱ्या अपंगत्वाचे प्रमाण अधिक आढळले आणि परिणामाच्या खुणा १०० किलोमीटरपर्यंत दिसल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. या निष्कर्षांवर चर्चा होऊ शकते. विचार करायला लावणारी बाब निराळीच आहे. हा अभ्यास प्रामुख्याने २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवर बेतलेला आहे. म्हणजे जी पाहणी भोपाळसाठी केलेलीच नव्हती, तिच्यातून भोपाळचे उत्तर शोधावे लागले.

हिरोशिमा आणि सेवेसो

याउलट चित्र जपानमध्ये दिसते. हिरोशिमा व नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्यानंतर अमेरिकेने १९४७ मध्ये तेथे आयोग नेमून अभ्यास सुरू केला. १९५० च्या जनगणनेच्या आधारे सुमारे १ लाख २० हजार माणसांचा अभ्यासगट ठरवण्यात आला. १९७५ मध्ये हे काम जपान व अमेरिका यांनी संयुक्तपणे चालवलेल्या प्रतिष्ठानाकडे गेले आणि ते अद्याप चालू आहे. क्ष-किरण तंत्रज्ञापासून अणुभट्टीतील कामगारापर्यंत, जगात कोणाला किती किरणोत्सर्ग सुरक्षित मानायचा, याचे निकष ठरवताना या अभ्यासाचा आधार घेतला जातो. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर त्या प्रांताने सुमारे २० लाख रहिवाशांची आरोग्यपाहणी त्याच वर्षी सुरू केली. मागे सहा दशकांचा अनुभव असल्याशिवाय इतकी तत्परता येत नाही.

दुसरे उदाहरण इटलीतले. १० जुलै १९७६ रोजी मिलानजवळील सेवेसो परिसरात एका रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनयुक्त ढग बाहेर पडला. रक्तातील अत्यल्प डायॉक्सिन मोजण्याची व्यवहार्य पद्धत त्या काळी उपलब्ध नव्हती. तरीही स्थानिक प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी रहिवाशांच्या रक्ताचे हजारो नमुने गोठवून जपून ठेवले. पुढे दशकभराने ती पद्धत विकसित झाली, तेव्हा नमुने तयार होते. कोणाच्या शरीरात किती विष गेले, हे वस्तीच्या नकाशावरून अंदाजाने नव्हे, तर प्रत्यक्ष मोजून सांगता आले. १९९६ मध्ये तेथील स्त्रियांच्या आरोग्याचा स्वतंत्र अभ्यास त्याच नमुन्यांवर उभा राहिला. आज उत्तर नाही म्हणून पुरावा फेकून द्यायचा नसतो, हे सेवेसोने दाखवले. त्यासाठी कोट्यवधींची गुंतवणूक लागली नाही. एक शीतपेटी, नीट लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि त्यांची राखण करणारी माणसे एवढ्यावर ते साधले.

जे आधी होते, तेच कामास आले

उपखंडाचा इतिहासही याबाबत बोलका आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ली यांनी बाधित भागात घरोघर पाहणी घडवून आणली. किमान २ लाख २४ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज होता. लहान मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांचे मृत्यू अधिक आहेत, हेही त्यांनी दाखवले. जिवंत राहिलेल्यांना नेमके काय हवे, याचा निर्णय ऐकीव बातम्यांवर न सोडता मोजणीवर घेता येतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे आपत्तीविषयक साथरोगशास्त्राची सुरुवात मानल्या गेलेल्या अभ्यासांत या पाहणीची गणना झाली. प्रयोगशाळा मात्र वादळासाठी स्थापन झालेली नव्हती. ती १९६० पासून कॉलऱ्यावर काम करीत होती. गावोगाव फिरणारे पाहणी कर्मचारी तिच्याकडे तयार होते.

पुढच्याच वर्षी बांगलादेश मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रात अतिसारावर काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम नातेवाइकांवरच सोपवले. जे मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते या उपचाराखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. आज घराघरांत ठाऊक असलेल्या ‘ओआरएस’ला जगाची मान्यता मिळण्यात या छावणीतील नोंदींचा वाटा मोठा आहे. उपचार अनेकांनी केले असते. महालनबीस यांनी उपचारांबरोबर हिशेब ठेवला, आणि १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. म्हणून तो उपचार छावणीबाहेर पडून जगाचा झाला.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतही हेच दिसले. भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या या आपत्तीनंतर तामिळनाडूत गोवराचे रुग्ण आढळले. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने त्याचा माग काढला. गोवर लसीच्या एका मात्रेचे प्रमाण चांगले असलेल्या समाजातही संसर्ग पसरू शकतो, हे त्या अभ्यासातून पुढे आले. या संस्थेत २००१ पासून क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू होता. लाट आली तेव्हा तपास करणारी माणसे घडवण्याचे काम चौथ्या वर्षात होते. हे प्रशिक्षण लाटेनंतर सुरू झाले असते, तर गोवर कधीच येऊन गेला असता.

या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. आपत्ती संशोधक घडवत नाही. ती फक्त, संशोधक आहेत की नाहीत, हे उघडे करते.

किल्लारी ते २६ जुलै

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. घरे नव्याने बांधली गेली, गावे हलवली गेली. मनावरील आघाताचे काय, हा प्रश्न त्या वेळी सार्वजनिक चर्चेत क्वचितच येत असे. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने आयसीएमआरच्या साहाय्याने मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. रंगभूमी व चित्रपटांमुळे घरोघर परिचित असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात पुढाकार होता. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील तज्ज्ञांनी भोपाळमध्ये सामान्य डॉक्टरांना मानसिक आजार ओळखण्याचे प्रशिक्षण दिले होते. तोच धागा पुढे १९९९ चे ओरिसातील महाचक्रीवादळ, २००१ चा कच्छचा भूकंप आणि त्सुनामी असा वाढत गेला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये मनोसामाजिक साहाय्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यामागे हा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. एका आपत्तीतील ज्ञान दुसऱ्या आपत्तीपर्यंत पोहोचले, तर काय होऊ शकते, याचे हे आशादायक उदाहरण आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईला लेप्टोस्पायरोसिसने गाठले. आता दर पावसाळ्यात महापालिका आवाहन करते, की साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. डॉक्सिसायक्लिन या औषधाचा असा वापर करावा की नाही, याची एक महत्त्वाची भारतीय चाचणी अंदमानात झाली. पोर्ट ब्लेअरच्या प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राने ती २००० मध्ये प्रसिद्ध केली. औषधाने संसर्ग थांबत नाही. मात्र प्रत्यक्ष आजार आणि मृत्यू कमी होतात, असा तिचा निष्कर्ष होता. कुर्ल्याच्या किंवा मालाडच्या चाळीतून गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या गोळीमागे दूरच्या बेटावरचे हे काम उभे आहे. ते केंद्र १९८३ पासून, कोणतीही मोठी बातमी नसतानाही, चालू ठेवले गेले होते.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

माणसे ढिगाऱ्याखाली असताना प्रश्नावल्या घेऊन कसले फिरता, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हिरोशिमातील आयोग रुग्णांना तपासतो, पण उपचार करीत नाही, ही जपानी जनतेची जळजळीत तक्रार होती. सर्वस्व गमावलेला माणूस मदतीच्या आशेने कोणत्याही कागदावर सही करतो. त्या सहीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न खराच आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीकाळातील संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, ते याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये आपत्तीविषयक आरोग्य संशोधनाच्या पद्धतींवर मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला.

तथापि, संशोधन न करणे हा निर्णयही निरपराध नसतो. कोणते औषध द्यावे, कोणत्या छावणीत आधी लस द्यावी, कोणाचा आजार कायमचा आहे, हे प्रश्न संशोधन नसले म्हणून टळत नाहीत. ते फक्त अंदाजाने सोडवले जातात. आणि अंदाज चुकला, तर तो चुकला हेही कळत नाही. बनगावात उपचार आणि अभ्यास ही दोन वेगळी कामे नव्हती. ज्या अभ्यासातून बाधिताला आज किंवा उद्या काही मिळते, तोच अभ्यास नैतिकदृष्ट्या टिकतो आणि त्यातच माणसे वर्षानुवर्षे सहभागी राहतात.

काय करता येईल?

पैशांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतील १० टक्के वाटा पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी दाखवला होता. बोटी, दोर आणि सायरन ही पूर्वतयारी आहेच; पण जिल्ह्याला एक प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ, आपद्ग्रस्तांच्या नोंदीचा एकच नमुना आणि नमुने साठवणारी प्रयोगशाळा हीदेखील पूर्वतयारीच आहे. नैतिक समितीची मंजुरी आपत्तीनंतर मागत बसण्याऐवजी पूर, भूकंप, रासायनिक गळती अशा प्रत्येक प्रकारासाठी अभ्यासाचे आराखडे आधीच मंजूर करून ठेवता येतात. मग प्रत्यक्ष वेळी केवळ गावाचे नाव भरायचे राहते.

असे प्रयत्न फळतात, याचा अनुभवही आपल्याकडे आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाने वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू निदान प्रयोगशाळांचे जाळे विणायला घेतले. या योजनेच्या अधिकृत नावातच साथी आणि नैसर्गिक आपत्ती यांचा उल्लेख होता. २०२० च्या आरंभी करोना येऊन ठेपला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपाठोपाठ तपासणीचा पहिला भार याच प्रयोगशाळांनी उचलला. शांततेच्या काळात केलेला खर्च संकटकाळात कसा वसूल होतो, याचे आणखी कोणते प्रमाण हवे?

खरी कसोटी मात्र उभारणीत नाही, ती टिकवण्यात आहे. आपत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी निधी, मंत्री आणि कॅमेरे सर्व काही असते. फुप्फुसाचा आजार, कर्करोग, पुढच्या पिढीतील व्यंगे ही दहाव्या आणि विसाव्या वर्षी दिसतात, तेव्हा ती पाहायला कोणीतरी तेथे असावे लागते. म्हणून आपत्तीनंतर सुरू केलेला कोणताही आरोग्य अभ्यास किमान दोन दशकांच्या तरतुदीसह सुरू व्हावा, त्याच्या नोंदी एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे जाताना गहाळ होऊ नयेत, आणि त्याचे निष्कर्ष ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांना त्यांच्या भाषेत ठरावीक काळाने मिळावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

भोपाळच्या जयप्रकाशनगरात त्या रात्री जन्मलेले मूल आता चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याला दम लागतो, तो त्या वायूमुळे की कारखान्यांच्या आजच्या धुरामुळे, हे त्याचा डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. १९८५ मध्ये सुरू झालेला अभ्यास अखंड चालला असता, तर कदाचित सांगू शकला असता. पुढची आपत्ती कोठे येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. तिच्यानंतर जन्मणाऱ्या मुलाच्या डॉक्टरला उत्तर देता यावे की नाही, हे ठरवणे मात्र आजही आपल्या हाती आहे.